पूजा एक दिवस, पाय रोज

मंडळी, ऐका! आज आख्यानाच्या आधीच एक प्रश्न टाकतो. पोथीला चुकून पाय लागला, तर आपण काय करतो? पटकन हात लावतो, कपाळाला लावतो, चुकलं म्हणतो. देव्हाऱ्याकडे पाय करून झोपत नाही. थोरामोठ्यांकडे पाय करून बसत नाही. सगळ्या अंगात बिचाऱ्या पायालाच मान नाही हो! बरं, मग मला सांगा — तुम्ही आज या देवळात आलात कशानं?

काय म्हणता आजोबा? रिक्षानं? अहो, पण रिक्षातून उतरल्यावर? रिक्षा काय गाभाऱ्यात आली? — पायानंच आलात ना! तर प्रश्न असा आहे : ज्याची आपण पूजा करतो, त्याच्यावर पाय ठेवावा का? आत्ता हो-नाही म्हणू नका. याचं उत्तर मी देणार नाही, दामूअण्णा शिंपी देतील.

कोण हे दामूअण्णा? कृष्णाकाठचं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, कारण तिथली चार माणसं इथं बसलीत आणि दोघं आत्ताच हसली! तिथं बाजारपेठेत दामोदर पोरे यांचं शिवणाचं दुकान. चाळीस वर्षं अण्णांनी गावाची मापं घेतली. गावात कोण किती सुटलं, हे डॉक्टरच्या आधी अण्णांना कळायचं. आता वय झालं, दुकान बंद केलं. पण पायडलचं जुनं मशिन घरात ठेवलं आणि गळ्यातला टेप काही उतरला नाही.

अण्णांच्या मंडळी इंदूकाकू. आषाढात त्यांना नात झाली, ईरा. पोरे घराण्याची रीत अशी, की घरातलं पहिलं नातवंड पौष पौर्णिमेला कडजाईच्या डोंगरावर न्यायचं आणि देवीच्या पायांवर घालायचं. कुणी न्यायचं? आजीनं! आजीच्या कडेवरून. डोली नाही, दुसऱ्याच्या हातात देणं नाही. अण्णांना त्यांच्या आजीनं नेलं, मुलाला, सुहासला, काकूंच्या सासूबाईंनी नेलं. आता पाळी काकूंची. पायऱ्या किती? चारशे बारा!

आणि काकूंची अवस्था काय? माडीवर वाळवण घालायला चढल्या, तर मधल्या पायरीवर बसून देवाचं नाव घ्यायच्या — भक्तीनं नव्हे हो, दमानं! सुहासनं डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं तपासलं आणि सांगितलं, हृदय चांगलं आहे, पण साखर वाढलीय, वजन वाढलंय. रोज अर्धा तास चाला, तीन महिन्यांत डोंगर चढाल. नाही चाललात, तर डोंगर खालूनच बघायचा.

काकू घरी आल्या. रात्रीचं जेवण झालं. मग ईराला मांडीवर घेऊन एवढंच म्हणाल्या, “माझ्यापाशी रीत तुटली, असं व्हायला नको.” चाळीस वर्षांत या बाईनं काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितल्या त्या पायऱ्या!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, चालावं की रस्त्यानं! अहो, कुठल्या रस्त्यानं? कारखाना सुरू व्हायची वेळ आलेली. एकदा गाळप सुरू झालं की त्यांच्या दारावरून उसाच्या ट्रॉल्या, एकामागं दुसरी, दुसरीमागं तिसरी. बाजूनं चालणाऱ्या माणसाला ऊस ओरबाडून जातो! आणि दुसरं म्हणजे काकूंचा स्वभाव. हातात पिशवी असली तर त्या गावभर फिरतील. पण रिकाम्या हातानं, नुसतं चालायला? लोक काय म्हणतील, घरात काम नाही का हिला! म्हणून अण्णांनी ठरवलं, रस्ताच घरी आणायचा. चालायचं मशिन घ्यायचं. ट्रेडमिल!

आता खरेदीची गंमत ऐका. अण्णांनी आपलं पिको-फॉलचं मशिन विकलं होतं, त्या पैशात आणि वर थोड्यात बसायला हवं, अशी मर्यादा घातली. जिल्ह्याच्या गावी मोठ्या दुकानात गेले. बरोबर काकू, गळ्यात टेप. दुकानातल्या पोरानं पहिलंच मशिन दाखवलं, पुढं टीव्हीएवढा पडदा! म्हणाला, यात गाणी वाजतात, चालताना परदेशातली समुद्रकिनाऱ्याची चित्रं दिसतात. अण्णा म्हणाले, बाळा, हिला डोंगर चढायचाय, समुद्रात जायचं नाही.

दुसरं मशिन अगदी स्वस्त. पोरगं म्हणालं, हे घ्या, ऑफरमध्ये आहे. अण्णांनी टेप काढला. आधी काकूंना दुकानातल्या फरशीवर पाच पावलं चालवलं आणि त्यांचं पाऊल मोजलं. मग मशिनचा पट्टा मोजला. लांबी कमी, रुंदी त्याहून कमी, धरायला दांडा नावाला. माणूस जरा मागं रेंगाळला की खाली! अण्णा म्हणाले, हे स्वस्त नव्हे, हे आखूड. आखूड कापडात झगा बसवायला गेलं की बाही जाते, आणि इथं तर माणूसच जाईल.

मग मोटारीवर आले. पोरानं मोठ्ठा आकडा सांगितला, इतक्या घोड्यांची ताकद! आता शिंप्याला मोटार शिकवतो का हा? अण्णांनी शांतपणे विचारलं, ही ताकद एका झटक्याची, की अर्धा तास सलग चालण्याची? पोरगं आत बघायला लागलं. आतून मालक उठून आले. अशी विचारपूस करणारं गिऱ्हाईक महिन्यातून एकदाच येतं, म्हणाले, आणि त्यांनी अण्णांना खुर्ची दिली, काकूंना पाणी दिलं. अण्णांनी पुढचं विचारलं : बिघडलं तर दुरुस्तीला माणूस आमच्या गावी येतो का? पट्ट्याला तेल कधी द्यायचं? घडी होते का? वजन किती पेलतं?

वजन म्हटल्याबरोबर मालकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पंख्याकडे बघितलं. अण्णांनी आपल्या अंदाजानं आकडा सांगितला आणि तो बरोबर होता. पण मंडळी, घरी आल्यावर दोन दिवस त्यांना आमटीत मीठ नव्हतं!

शेवटी कोपऱ्यातलं एक साधं मशिन पसंत पडलं. गाणी नाहीत, चित्रं नाहीत. लांब पट्टा, दोन्ही बाजूंना घट्ट दांडे, गुडघ्याला धक्का बसू नये म्हणून खाली गादी. आणि एक दोरी. तिचा चिमटा कपड्याला लावायचा, माणूस घसरला की दोरी सुटते आणि मशिन आपोआप थांबतं. काकू म्हणाल्या, पदराला लावीन की. अण्णा म्हणाले, छे! निऱ्या पट्ट्यात गेल्या तर? आणि गावाला चाळीस वर्षं कपडे शिवणाऱ्या माणसानं घरी येऊन पहिल्यांदा बायकोसाठी सलवार-कमीज बेतली. काकू लाजल्या. सून, केतकी, म्हणाली, आई, तुम्ही कॉलेजच्या बाईंसारख्या दिसाल. मग जरा कमी लाजल्या.

इथवर सगळं शहाणपणाचं, बरं का. पस्तावायचं काही नाही. आता घोटाळा ऐका! मशिन घरी आलं ते दसऱ्याच्या दिवशी. शिंप्याच्या घरी दसरा म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. कात्री, टेप, शिवणाचं मशिन, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. अण्णांनी शिवणाच्या मशिनची पूजा केली, शेजारी ट्रेडमिल उभी होती, तिचीही केली! काळ्याभोर पट्ट्यावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, दांड्याला माळ घातली, पुढं नारळ फोडला, आपट्याची पानं वाहिली. काकूंनी वाकून नमस्कार केला. आळीतल्या बायका बघायला आल्या, त्यांनीही केला. एकीनं तर सुटे पैसेही ठेवले.

दुसरे दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, “हं, चढ.”

काकू म्हणाल्या, “कशी चढू? काल पाया पडले, आज पाय देऊ?”

झालं! मंडळी, अण्णांनी काय नाही केलं! डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, पैशाचं सांगितलं, यंत्राला जीव नसतो हे सांगितलं. काकू म्हणाल्या, दगडालाही नसतो, त्याच्यापुढं रोज दिवा कोण लावतं? आता याला काय उत्तर देणार? मलाही सुचत नाही! स्वस्तिक पुसू म्हणावं, तर काकू म्हणाल्या, पुसल्यानं देवपण जातं होय? उलट रोज सकाळी देवपूजा झाली की त्या मशिनलाही एक फूल वाहायच्या, उदबत्ती ओवाळायच्या. मशिन खूश! धूळ नाही, घाम नाही, सगळ्या जिल्ह्यात इतकं सुखी मशिन दुसरं नसेल.

दिवाळी आली. मशिनपुढं पणती लागली. दिवाळी गेली. तुळशीचं लग्न आलं. तीन महिन्यांतला एक महिना फुलं वाहण्यात गेला, आणि ईरा? ती काय थांबते! ती रोज वजनानं वाढत होती. डोंगर तेवढाच, आजी तशीच आणि नात जड! अण्णांना झोप लागेना. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, सुहासला सांगायचं, यंदा तू ने ईराला. रीत मोडली तर मोडली.

आणि मंडळी, काय योग असतो बघा! तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अण्णा ईराची कुंची शिवायला बसले. देवीच्या पायांवर घालताना डोक्यावर बांधायची म्हणून हिरवी खणाची कुंची, लाल काठाची. काकू शेजारी गोंडा करत बसलेल्या. अण्णांनी कापड सुईखाली घातलं, मशिनच्या कपाळाला हात लावला, तो आपल्या कपाळाला लावला, आणि पायडलवर दोन्ही पाय ठेवून सुरू केलं, खटाखट खटाखट!

“अहो, थांबा,” काकू म्हणाल्या. “आत्ता काय केलंत, ते परत करा.”

अण्णांना कळेना. काय केलं? दोरा तुटला का? काकू म्हणाल्या, दोरा नव्हे, त्याच्या आधी. अण्णांना आठवेचना, कारण जे चाळीस वर्षं दिवसातून वीसदा केलं, ते माणसाला दिसत नाही. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केलं. हात मशिनला, हात कपाळाला, आणि पाय पायडलवर.

काकू बघत राहिल्या. म्हणाल्या, “पाया पडलात आणि लगेच पाय दिलात. दसऱ्याला याचीच तर पूजा केली.”

अण्णांचा हात चाकावर थांबला. म्हणाले, “माझ्या बापानं पहिल्या दिवशी शिकवलं गं. पूजा एक दिवस, पाय रोज. नमस्कार केला नाही तर उर्मट, आणि पाय ठेवला नाही तर उपाशी. या पायडलवर पाय ठेवला नसता, तर या घरात चूल पेटली नसती.”

काकू उठल्या. गोंडा तिथंच. आत गेल्या, सलवार-कमीज घालून आल्या. ट्रेडमिलवरची फुलं गोळा करून तुळशीत ठेवली. ओल्या फडक्यानं स्वस्तिक पुसलं आणि त्या फडक्याला लागलेलं कुंकू आपल्या कपाळाला लावलं. दोरीचा चिमटा कमीजला लावला. पट्ट्याला हात, हात कपाळाला — आणि पाऊल ठेवलं! टाळकरी, इथं टाळ वाजले पाहिजेत! वाजवा!

पहिल्या दिवशी चालल्या किती? चार मिनिटं. अण्णांना वाटलं, दिग्विजय झाला! दुसऱ्या दिवशी पाच. पंधरा दिवसांनी वीस. बाहेर उसाच्या ट्रॉल्या खडखडत जायच्या आणि आत काकू नाव घेत चालायच्या, या खेपेला दमानं नव्हे, भक्तीनं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी उपास असला तरी चालायला चुकल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी तीन महिने सांगितले होते, काकूंना दोनच मिळाले होते. पुरतील का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

पौष पौर्णिमा उजाडली. डोंगराच्या पायथ्याशी सगळं घर उभं. काकूंनी ईराला कडेवर घेतलं. पहिल्या पायरीला हात लावला, कपाळाला लावला, पाय ठेवला. शंभर झाल्या. बसल्या, पाणी प्याल्या. दोनशे झाल्या. तीनशेच्या पुढं पाय थरथरायला लागले. कपाळावरून घाम ईराच्या कुंचीवर टपकला. सुहास म्हणाला, “आई, दे ना माझ्याकडे. देवी रागावणार नाही.” काकू म्हणाल्या, “देवी रागावणार नाही रे. माझे पाय रागावतील.” वाकल्या, पुढच्या पायरीला हात लावला, आणि उठल्या. मग प्रत्येक पायरीला तसंच. नमस्कार करायचा आणि पाय ठेवायचा, नमस्कार करायचा आणि पाय ठेवायचा. चारशे दहा... चारशे अकरा... चारशे बारा!

ईरा देवीच्या पायांवर पडली आणि हसली हो, रडली नाही! गुरवानं अंगारा लावला आणि विचारलं, आजोबा कुठायत? सगळ्यांनी मागं बघितलं. आजोबा? दोनशेव्या पायरीवर! छाती धरून बसलेले, गळ्यात टेप, जीभ बाहेर. अहो, मशिनला तेल त्यांनी दिलं, पट्टा त्यांनी मोजला, मोटार त्यांनी पारखली. चालायचं तेवढं राहून गेलं! काकू वरनं बघतात तर काय, चाळीस वर्षांचा जोडीदार खाली बसलाय. त्यांनी ईराला सुनेकडे दिलं, दोनशे बारा पायऱ्या उतरल्या, अण्णांना हाताला धरलं आणि पुन्हा चढल्या. अण्णांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. म्हणाले, “इंदू, उद्यापासून पंधरा मिनिटं माझी.”

मंडळी, मिळालं उत्तर? आता जरा तुमच्या घरी येतो, दार उघडा! लाल फडक्यात बांधलेली पोथी आहे? तिला रोज फूल वाहता. उघडली कधी होती? वडिलांचा फोटो आहे, हार आहे. त्यांनी सांगितलेल्यातल्या एका गोष्टीवर तरी पाऊल ठेवलंत? आणि दुसऱ्याचं कशाला, माझंच घ्या. आता कीर्तन संपेल. तुम्ही रांग लावाल, मला बुक्का लावाल, हार घालाल, पाया पडाल. आणि मी बोललो ते? ते इथंच, या जाजमावर, फुलाखाली, अगदी सुखात! त्या ट्रेडमिलसारखं!

म्हणून आज माझी एक विनंती ऐका. आज माझ्या पाया पडू नका. या देवळातनं बाहेर जाताना उंबऱ्याला हात लावा, कपाळाला लावा, आणि घरी पोचलात की जे करायचं कित्येक दिवस नुसतं पुजून ठेवलंय, त्याच्यावर पहिलं पाऊल ठेवा. चार मिनिटं ठेवा. इंदूकाकूंचीही चारच होती.

आणि त्या तिकडं, खांबाशी, गळ्यात टेप घातलेले गृहस्थ बसलेत ना, त्यांना विचारू नका ते कोण. फक्त बघा, त्यांच्या शेजारच्या काकू आता उठल्यात. कीर्तन लांबलं, त्यांची चालायची वेळ झाली! देवा, यांच्या पायात बळ दे, आमच्याही पायात दे. नाव घ्या आणि चालू लागा!