गुरुवारी या

पाच दिवस! एक नाही, दोन नाही, तुम्हाला सांगतो, सलग पाच दिवस अख्खा देश बंद, लोक रस्त्यात उभे राहून एकमेकांवर बादल्या ओततायत, आणि आमच्या रावजींचा तरणाताठा मुलगा तिथल्या इस्पितळातल्या शवागारात... आता हे ऐकताना हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. रावजींना काही ते ठरवता आलं नव्हतं.

रावजी पोलादपूरच्या वरच्या अंगाचे. एसटी वळते तिथून अर्धा तास डोंगर चढायचा, की त्यांचं घर. भात, नाचणी, दोन म्हशी, बायको ठकूबाई, आणि एकुलता एक विनीत. हा विनीत मुंबईत हॉटेलात भांडी घासता घासता आचारी झाला आणि तिथून थेट बँकॉकला, एका हिंदुस्थानी हॉटेलात तंदूर सांभाळायला. दर रविवारी त्याचा फोन, न चुकता. मग एप्रिलातल्या एका शुक्रवारी दुपारी तो कोथिंबीर आणायला मोटारसायकलवरून निघाला, ओल्या रस्त्यावर घसरला, डोकं दुभाजकावर आपटलं, आणि संपलं. एवढंच. फोन आला तेव्हा रावजी गोठ्यात होते.

ठकूबाई रडली नाही. चुलीतली लाकडं ओढली, पाणी मारलं आणि म्हणाली, "त्याला आणा. तोवर ही पेटायची नाय." घरात मयत असताना चूल पेटत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? पण मयत असं समुद्रापलीकडे असलं तर? त्याचा नियम कोणी सांगावा?

रावजींचा पासपोर्ट तेवढा होता. विनीतनंच गेल्या वर्षी हट्टानं काढायला लावला होता. पुतण्या हृतिक मुंबईत कुरिअरच्या कचेरीत, त्याचाही होता, तो सोबत निघाला. शनिवारी विमान, रविवारी पहाटे बँकॉक. आणि रावजी कसे? पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. विमानतळावरून शहरात उतरले, वीस पावलं चालले असतील-नसतील, धप्प! बर्फाचं पाणी! एका बाईनं वाकून नमस्कार करत हसत हसत अख्खं घमेलं ओतलं हो त्यांच्यावर! मागून एक पोरगी आली, तिनं दोन्ही गालांना पांढरं पिठूळ गंध फासलं, आणि पळाली.

रावजी तसेच उभे. टोपीतून पाणी गळतंय. हृतिक हातवारे करून ओरडतोय, लोकांना वाटतंय याला अजून पाहिजे, त्यालाही भिजवला. रावजी शेवटी एवढंच म्हणाले, "मर्तिकाची अंघोळ झाली म्हणायची रे. पण अग्नी द्यायच्या आधीच?"

हा त्यांचा सोंगक्रान. नवं वर्ष. इस्पितळात एक नर्स होती, भली बाई, फोनमध्ये थाई बोलायची आणि फोन हिंदीत सांगायचा. तो फोन म्हणाला, मुलगा आमच्याकडे नीट ठेवलाय, बघून घ्या, पण मृत्यूचा दाखला तालुक्याच्या कचेरीतून मिळतो आणि कचेरीला सुट्टी आहे. गुरुवारी या.

गुरुवारी! आज रविवार! हृतिकनं आपल्या वकिलातीचा तातडीचा नंबर फिरवला आणि फोन रावजींच्या हातात दिला. तिथल्या माणसानं लगेच उचलला, नाव-गाव शांतपणे लिहून घेतलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, काका, आमच्याकडून एक तास लागणार नाही, पण आधी त्यांचा दाखला हवा. तो गुरुवारी.

बरं, चिडायचं कोणावर? सगळे हात जोडतायत. सगळे हसतायत. सगळे चांगले. वाईट माणूस एक जरी भेटला असता तरी रावजींना बरं वाटलं असतं, त्याच्यावर ओरडता आलं असतं!

लॉजवर हृतिकनं मोबाइलवर त्या देशाच्या सुट्ट्यांची यादीच काढली आणि वाचायला बसला. राजघराण्याचा दिवस, बुद्धाची पौर्णिमा, तेव्हा बऱ्याच ठिकाणी दारू मिळत नाही, मग आणखी एक पौर्णिमा, शनिवार-रविवारी सण आला तर बदली सुट्टी सोमवारी नाहीतर मंगळवारी... "आणि खाली लिवलंय काका, परदेशी पाहुण्यांनी कचेरीची कामं आधी उरकून घ्यावीत, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा, आणि आनंद लुटावा." रावजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "पिशवी घे एक. ठकूचा फोन येतो."

आणि यायचाच. रोज सकाळी. "निघालात?" एवढंच. "नाय गो. सुट्टी हाय. गुरुवारी." शेजारची रखमा भाकरी आणून द्यायची, ठकूबाई ती म्हशीपुढे टाकायची. हे रखमानंच हृतिकला कळवलेलं, रावजींना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना कळल्याशिवाय राहिलं असेल का?

सोमवारी रावजींनी एका पोराच्या हातातली पाण्याची बंदूक हिसकावून गटारात फेकली. पोर रडायला लागलं. मग ह्या माणसानं काय करावं? लॉजवरून इस्पितळापर्यंतची सगळी वाट हात जोडत गेले, समोर येईल त्याला. लोक उलटे हात जोडायचे आणि अदबीनं खांद्यावर पाणी ओतायचे. सुटका नाही!

मंगळवारी मात्र वेगळं झालं. इस्पितळाच्या गल्लीत एका घरापुढे खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, सत्तरीच्या पुढची. तिची मुलं-सुना-नातवंडं ओळीनं येत होती, गुडघ्यावर बसत होती, आणि तिच्या ओंजळीवर फुलं टाकलेलं पाणी घालत होती. घाई नाही, आरडाओरडा नाही, आत एक गाणं तेवढं हळू लागलेलं. रावजी थांबले. निथळत, गालावर पुन्हा कोणीतरी फासलेलं गंध, तसेच बघत उभे राहिले. म्हातारीनं विचारलं काहीतरी. हृतिकनं फोन पुढे केला. फोन तिच्या भाषेत म्हणाला, यांचा मुलगा वारला, समोर ठेवलाय.

गाणं बंद झालं तिथलं. म्हातारी उठली, रावजींना हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं, आणि घरच्यांना काहीतरी म्हणाली. मग तिचा धाकटा मुलगा, असेल तिशीचा, विनीतएवढाच, पुढे आला. गुडघे टेकले. रावजींनी ओंजळ का पुढे केली त्यांनाच ठाऊक नाही. त्यानं पाणी घातलं, मान खाली घालून पुटपुटला. फोननं सांगितलं, वर्षभरात माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा, बाबा.

तुम्हाला सांगतो, फोन आल्यापासून चार दिवस तो माणूस रडला नव्हता.

रडणं थांबल्यावर रावजींनी त्या पोराच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि मराठीत म्हणाले, "काय चुकलं नाय रे तुजं. काय सुदीक चुकलं नाय."

त्या संध्याकाळी लॉजवर परतल्यावर ते हृतिकला म्हणाले, आता इथंच अग्नी देऊ. कागद झाल्यावरही विमानाला आणखी किती दिवस लागतील सांगता येत नव्हतं, आणि चेहरा आईला दाखवण्यासारखा राहिलेला नव्हता, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. पण हे ठकूबाईला सांगायचं कोणी? बुधवारी सकाळी तिचा फोन आला, "निघालात?"

"ठकू, मी एकलाच येनार."

पलीकडे म्हैस हंबरली. मग ठकूबाई म्हणाली, "तुमी बघितलाव ना त्याला?"

"बघितला."

"मग माजंपन बघून झालं." आणि मग, "चूल कधी पेटवू?"

अखेर गुरुवार उजाडला. कचेरी उघडली, दाखला तासाभरात, वकिलातीतलं पत्र दुपारी, दोन्हीकडे हात जोडून. म्हातारीनं आपल्या विहारात बोलून ठेवलं होतं. मग काय, शुक्रवारी अग्नी द्यायचा? छे! विहारातले भिक्खू म्हणाले, आमच्याकडे शुक्रवारी मयत जाळत नाहीत, चांगला वार आहे तो. शनिवारी. रावजींनी हात जोडले. एव्हाना ते अर्धे तिथले झाले होते.

शनिवारी विहारात हॉटेलातली आठ थाई मुलंमुली काळे कपडे घालून आली, गावांहून परतलेली. एकेकानं, तिथल्या मर्तिकाच्या रीतीप्रमाणे, लाकडाच्या कपच्यांचं फूल विनीतच्या पायाशी ठेवलं. तंदुरावरच्या मुलीनं खुणेनं दाखवलं, यानं मला रोटी थापायला शिकवली. रावजींनी अग्नी दिला. तिथले साडेबारा, म्हणजे आपले अकरा. मग त्यांनी फोन लावला आणि फक्त म्हणाले, "पेटव."

ठकूबाईनं फोन ठेवला नाही, बाजूला ठेवला. काडी ओढल्याचा आवाज आला. मग खोकल्याचा. लाकडं सर्दावली होती. धूर खूप झाला असणार, कारण ती बराच वेळ खोकत राहिली, आणि रावजी फोन कानाला लावून ऐकत राहिले.

अस्थी महाडला सावित्रीत सोडल्या. दिवस-कार्य झालं, पाहुणे गेले. मग एका दुपारी पडवीत ठकूबाईनं सगळं विचारून घेतलं, पहिल्यापासून. रावजींनी सांगितलं, काही राखून न ठेवता. घमेलं, गंध, बंदूक, ओंजळ, शुक्रवार... बंदुकीला ती किंचित हसलीसुद्धा. मग भाताच्या सुपातले खडे वेचता वेचता थांबली.

"सगल्या देशाला सुट्टी होती म्हनता," ती म्हणाली. "सगली पोरं शुक्रवारीच आपापल्या घरी गेली. मग आपला विनीतच कसा कामावर?"

रावजींनी तिच्या सुपातला एक खडा वेचून पडवीबाहेर टाकला.

"भायेरच्या मानसाला नसते गो सुट्टी," ते म्हणाले. "कोनीतरी सैपाक करायला लागतो."