चार मात्रांची जागा

दादा : पुन्हा लाव. पहिलं कडवं संपतं तिथून.

धाकटी : तिसऱ्यांदा ऐकतोयस. उद्या येतंच आहे की बाहेर, माझं एकटीचं पहिलं गाणं.

दादा : म्हणून तर आज ऐकतोय. लाव... हं, थांब! इथेच पाणी मुरतंय.

धाकटी : कुठे?

दादा : दुसऱ्या कडव्याआधी चार मात्रा नुसती गप्प आहेस. ती जागा आपल्या बँडची.

धाकटी : गप्प बसण्यावरही आता बँडचा हक्क?

दादा : उडवून लावू नकोस. तिथे मी ड्रमच्या काठ्या ठेवून हलक्या ठेक्याचे तारांचे ब्रश उचलायचो, म्हणून तुम्ही सगळे थांबायचात. अकरा वर्षं. तुझ्या गाण्यात ठेका यंत्राचा. त्याला कुठले आलेत हात? मग थांबलीस कुणासाठी?

धाकटी : सवय.

दादा : सवय की तालीम? हे गाणं तू आमच्यात असतानाच बसवलंस, आमच्याच खोलीत. मग आम्हाला रामराम ठोकलास.

धाकटी : हे तू म्हणतोस की गिटारवाला?

दादा : त्याने तुझं गाणं काढणाऱ्या कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलंय. फक्त माझी सही राहिलीय. ते गेलं की तुझं गाणं अडलंच समज.

धाकटी : आणि ते खिशात घालून बहिणीकडे आलास!

दादा : खरं काय ते सांग. सोडून जायच्या आदल्या दिवशीही 'मी कुठे जातेय' म्हणाली होतीस.

धाकटी : तेव्हा खोटं बोलले. तुला सांगायला तोंडच नव्हतं. पण गाणं नंतरचं आहे, दादा. रेकॉर्डिंगवाल्याने ती जागा कापलीच होती. 'इथे काही घडतच नाही,' म्हणाला. मी गायला उभी राहिले आणि सात वेळा चुकले.

दादा : तू? सात वेळा?

धाकटी : तुझ्या हातात ब्रश आले नाहीत, तर मी सुरू कशी करू? शेवटी कंटाळून त्याने जागा परत घातली. हा घे फोन, विचार त्यालाच. माझ्या सातही चुका जपून ठेवल्यात त्याने.

(दादा फोन घेत नाही.)

दादा : ...तुझ्या जागी आलेली नवी मुलगी थांबतच नाही. माझे ब्रश अजून हवेत, आणि बाईसाहेब कडव्यात पोचलेल्या.

धाकटी : मग सांग की तिला.

दादा : तुला कधी सांगावं लागलं होतं?

धाकटी : दादा, ते पत्र...

दादा : राहू दे खिशात. आणि पुढच्या गाण्यात पाच मात्रा थांब. मनगट पूर्वीसारखं वळत नाही आता.