गरम की थंड

आपल्याकडे दुकानात कोणी ‘गरम की थंड’ विचारलं, तर त्याचा दुसरा काय अर्थ होतो, तुम्हीच सांगा.

आमच्या सीएनजी पिकअपचे स्पार्क प्लग गेले होते. निघोज्याच्या एका कंपनीचं काम नवीनच मिळालं होतं, उशीर चालणार नव्हता. आमचे हे गाडी खोलून बसलेले, म्हणून चिंचवडच्या दुकानात मी गेले. गाडीचं काम त्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं होतं.

दुकानदारांनी बसायला स्टूल दिलं, गाडीचं मॉडेल विचारलं आणि म्हणाले, “वहिनी, गरम देऊ की थंड?”

“कशाला उगीच, भाऊ.”

“नाही, सांगा ना.”

“मग गरमच द्या. थंडानं घसा धरतो.”

ते मान डोलवून आत गेले आणि प्लग घेऊन आले. कामात चहा विसरले असतील, असं समजून मी पैसे देऊन निघाले.

सकाळी माल भरलेली गाडी तळवड्याच्या पुढे तापून बंद पडली. कंपनीचं काम दुसऱ्या गाडीला गेलं. हे मला घेऊन तडक दुकानात.

“लोडच्या गाडीला लवकर निवणारे, थंड प्लग लागतात. गरम कसे दिले?”

“वहिनीच म्हणाल्या, थंडानं घसा धरतो. मला वाटलं, गाडीचं सांगतायत.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कधी सरबतसुद्धा घेत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

“थंड प्लग द्या,” ते हळू आवाजात म्हणाले, “आणि हिला चहा सांगा.”

तो चहा काही माझ्या घशाखाली उतरला नाही.