स्पष्टपणे कोनाले पाह्यलं

—तं पोलिसाच्या कागदावर काय लिहेल होतं, सांगतो तुले, पोरी. ‘मी मनकर्णाबाई, राहणार रिठद, अनुपला जगदेवचा बैल रंगवताना स्पष्टपणे पाहिले.’ आता हा शब्द माह्या तोंडचा हाये का? जिभीवर बसतच नाही तो — पस्टपने, अस्पष्टपने — आज कोर्टात उलटाच निंगाला, वकील हसला. जमादारानंच घातला. म्हने, आजी, यानं बयानाले वजन येते.

बैल दह्यावानी पांढरा, तीन साल पोळ्यात पयला नंबर. आमचा दरसाल दुसरा. अन् यंदा पोळ्याच्या सकाळी जगदेव पायते तं बैल शिंगापासून शेपटीपर्यंत हिरवागार — दाराले देतात तो ऑइलपेंट. जगदेव रडला, खरंच रडला. आदल्या दिवशी वावराच्या धुऱ्यावरून अनुपसंग भांडन झालं होतं त्याचं, म्हून नाव अनुपचं. जमादारानं इचारलं, अनुपच होता न? मी मान हालवली. काहून हालवली? — हालवली बाई. मांगं माहा बुढा उभा होता.

मंग समजलं, अनुप पोलिसात भरती होऊन राह्यला, या केसनं त्याचं नाव कटते. तवापासून घास गोड लागेना. आज जजसायबानं इचारलं, स्पष्टपणे पाहिलं का? मी म्हटलं, सायब, आंधी मतलब सांगा. ते म्हनले, काहीच शंका नाही, असं. मी म्हटलं, मंग अनुपले म्या नाही पाह्यलं. भाईर आल्यावर पोरगा पाया पडला माह्या. लाज वाटली मले.

अन् मंग कोनाले पाह्यलं, हे कोनी इचारलंच नाही! इचारलं असतं तं सांगा लागलं असतं — तोंडात बिडी, हातात रंगाचा डबा, बैलाले म्हने, ‘जरासा थांब, राजा’ — चाळीस वर्साच्या संसारात मले असं बोलला नाही तो. धोतर म्या डिझेलात बुडवून धुतलं, डाग गेला नाही, चुलीत घातलं. अन् पोळ्यात नंबर कोनाले भेटला? त्या हिरव्यालेच! सजावट लय मेहनतीची, म्हने. दोन दिवस जेवला नाही उकंडराव—

नाव घेतलं का म्या? तो पाय, भज्याची पुडी घेऊन येऊन राह्यला. तू काही आयकलं नाही, पोरी. सरक, त्याले बसू दे.