दाजींच्या मापाची पँट

आक्का : माझ्या थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी तू ह्यांची पँट शिवली होतीस ना, तीच मापं धर. नव्यानं घ्यायची काही गरज नाही.

शिंपी : आक्का, थोरलीची मुलगी आता कॉलेजात जाते. दाजींचं पोट तेव्हा होतं तिथेच राहिलंय का?

आक्का : मग कंबर वाढवून धर.

शिंपी : धरली. पण तू सांगतेस ही उंची? ही दाजींच्या पोटरीवरच संपेल.

आक्का : म्हातारपणी माणूस खचतो.

शिंपी : खचतो गं, पण वीतभर? बरं, पुढे चेन देऊ ना?

आक्का : चेन नको. इलॅस्टिक घाल.

शिंपी : दाजींना एकदा विचारून ये. त्यांना चेन लागेल.

आक्का : बारक्या, मार खाशील हं.

शिंपी : साठी आली माझी. बाहेर पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘जेन्ट्स टेलर’ लिहिलंय, आणि सख्खी बहीण दुकानात येऊन बारक्या म्हणते. जरा हळू तरी बोल. पडद्यामागे आई पडलीये.

आक्का : झोपलीये ना पण?

शिंपी : बटणं लावता लावता डोळा लागला तिचा.

आक्का : मग ऐक. पँट माझी आहे.

शिंपी : ते तू आल्या आल्या दार लोटून घेतलंस तेव्हाच कळलं. दाजींच्या कपड्यांसाठी कुणी दार लावत नाही.

आक्का : हसायचं असेल तर एकदाच काय ते हसून घे.

शिंपी : नाही हसत. गुडघा कसा आहे?

आक्का : कुठला गुडघा?

शिंपी : न्हाणीघरात घसरून फुटला तो. दाजी सांगत होते.

आक्का : न्हाणीघरात कसली घसरते. शाळेच्या मैदानावर पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज भराभर चाला, घाम फुटेपर्यंत. साखर वाढलीये, पायांवर उतरेल. मी म्हटलं, अहो, मी दिवसभर पायांवरच असते, ओट्यापाशी. तर म्हणाल्या, ते उभं राहणं झालं, चालणं नाही झालं.

शिंपी : दाजी काय म्हणाले?

आक्का : म्हणाले, व्यायामच करायचा तर जिना धू. म्हणून त्यांना न सांगता सकाळी जाते. तर परवा वळणावर हा साडीचा सगळा घेर पायांत आला आणि गेले तोंडावर.

शिंपी : उचललं कुणी?

आक्का : मीच उठले. पिशवी झटकली आणि घरी आले.

शिंपी : पिशवी कशाला नेतेस?

आक्का : तुला कसं माहीत असणार? आम्ही सगळ्याजणी पिशवी घेऊनच चालतो. बाई नुसते हात हलवत निघाली की प्रत्येक दारातून विचारतात, काय गं, कुठे निघालीस? हातात पिशवी असली की कुणी विचारत नाही. बाजारात निघाली म्हणतात.

शिंपी : त्या वेळी बाजार उघडलेला तरी असतो का?

आक्का : नसतो. आजवर एकाच्याही लक्षात आलेलं नाही.

शिंपी : आणि पुरुषांना विचारतात का?

आक्का : त्यांना कोण विचारणार? ते मधल्या गवतावर पळतात, अर्ध्या चड्डीत, ढेऱ्या सांभाळत. आम्ही कडेकडेनं. तू का येत नाहीस? तुझीही ढेरी आता मशिनीला टेकायला लागलीये.

शिंपी : माझं पळणं लहानपणीच पळून झालं.

आक्का : अजून त्या शर्यतीचा राग आहे का तुझ्या मनात?

शिंपी : राग नाही, पोटात गोळा आहे. माझी चड्डी आणि टोपी चढवून पिठाच्या गिरणीवर पळत जायचीस तू. आणि मी तुझ्या वाटणीचे रुमाल दुमडून शिवत बसायचो.

आक्का : तूच मागायचास. म्हणायचास, आक्का, तू जा गिरणीवर, मी टाके घालतो.

शिंपी : मला टाके आवडायचे, तुला वारा. दोघांचं मजेत चाललं होतं. कुठून त्या ड्रिलच्या मास्तरांना माझी टोपी दिसली!

आक्का : आणि थेट घरी आले. ‘तुमचा मुलगा वाऱ्यासारखा पळतो. शाळेच्या शर्यतीत घालतो त्याला.’

शिंपी : मग काय! मला जास्तीचं दूध, मला नवे बूट. शर्यतीच्या दिवशी मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि मी दचकून खालीच बसलो.

आक्का : शेवटून पहिला आलास.

शिंपी : शेवटून पहिला यायलाही शर्यत पुरी करावी लागते. मी अर्ध्यातून घरी आलो.

आक्का : मास्तर बिचारे सगळ्यांना सांगत होते, पोराच्या पोटात दुखत असेल. नाहीतर काय पळतो!

शिंपी : हळू हस. आई उठेल.

आक्का : त्याच आठवड्यात आईनं ती चड्डी कुलपात टाकली. म्हणाली, आता मोठी झालीस, पाय सावकाश टाकायचे. तेव्हापासून टाकतेच आहे सावकाश. मधे पोरं रांगायला लागली, तेव्हा त्यांच्यामागे पळाले असेन तेवढंच.

शिंपी : आणि मला रोज मैदानावर हाकलायची. मुलासारखा मुलगा आणि सुई काय घेऊन बसतोस म्हणून. मी खिशात सुईदोरा घेऊन जायचो, भिंतीच्या आडोशाला बसायचो.

आक्का : अजून तसाच बसलायस.

शिंपी : मापं घेऊ का आता, की नुसतं बोलायचंय?

आक्का : थांब. मला खरं सांग, घालू का मी हे? पडल्यापासून गेलेलीच नाही मैदानावर. पुन्हा पडले तर या वयात हाड जुळायचं नाही. आणि घरी बसले तर पाय जातील, डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलंय. मला कुणाच्या आधारानं उठायचं-बसायचं नाहीये, बारक्या.

शिंपी : मग अडलंय कुठे? लोकांना घाबरतेस?

आक्का : लोकांचं मी बघून घेईन. पडद्यामागचीचं काय? नव्वदीला आली तरी तिच्यासमोर माझी अजून चोरटी पोर होते.

शिंपी : तिला नाही सांगायचं. हात वर कर. कंबर… आक्का, श्वास सोड. मापाला पोट आत ओढून उभी राहशील तर पळताना इलॅस्टिक तुटेल.

आई : बारक्या, जाड कापड घेऊ नकोस.

आक्का : आई! जागी आहेस तू?

आई : तुम्ही दोघं कुजबुजायला लागलात की मला झोप येत नाही. तेव्हाही यायची नाही. घाम जिरेल असं सुती घे रे. पळताना मांड्या घासतात.

आक्का : मी पळत नाही गं आई. चालते नुसती.

आई : चालायला पँट कशाला लागते? मी जन्मभर घेरातच चालले.

शिंपी : आई, तेव्हाही म्हणजे? तुला ठाऊक होतं?

आई : तिचा टाका जन्माचा नागमोडी. एकाएकी रुमालाच्या कडा आखल्यासारख्या सरळ यायला लागल्या. रुमाल घेणारा दुकानदार म्हणाला, मुलीचा हात बसला हो. मी म्हटलं, बसला.

आक्का : मग तेव्हा काही बोलली का नाहीस?

आई : पीठ वेळेवर येत होतं, रुमाल वेळेवर जात होते. मी कशाला बोलू?

आक्का : आणि मग बंद का केलंस?

आई : मास्तरला टोपी दिसली. आणखी चार दिवसांनी टोपीखालची वेणी दिसली असती.

शिंपी : म्हणून मला पळवलंस होय! भर मैदानात!

आई : तुझ्या पोटात दुखत होतं म्हणे.

आक्का : आई, बघ, तू हसतेयस.

आई : आतल्या बाजूनं एक खिसा दे रे तिला. बटणाचा.

शिंपी : खिसा कशाला?

आई : घराची किल्ली कुठे ठेवेल? हातात पिशवी घेऊन पळता येतं का कुणाला? आण इकडे शिवून झाली की. बटण मी लावते.

(पुढच्या वर्षी. तेच दुकान. पडदा बाजूला सारलेला. एक नवं गिऱ्हाईक, मध्यमवयीन बाई.)

बाई : आम्ही या गल्लीत नवीनच राहायला आलोय. ह्यांच्यासाठी एक पँट शिवायची होती. उंची जरा कमी धरा.

शिंपी : धरतो. आणि चेन नको, इलॅस्टिक?

बाई : हो. तुम्हाला कसं कळलं?

शिंपी : या गल्लीतल्या बऱ्याच नवऱ्यांची उंची हल्ली कमी झालीये.

बाई : काय हो तुम्ही! मला आक्कांनी पाठवलं. म्हणाल्या, माझा भाऊ थट्टा करील, पण शिवतो चांगलं.

शिंपी : दिसली का ती मैदानावर?

बाई : दिसतात कसल्या, निघून जातात. मधल्या गवतावर असतात त्या. परवा आमच्या ह्यांना मागे टाकलं. घरी येऊन हे मला सांगतात, पायात गोळा आला होता.

शिंपी : माझ्या पोटात दुखायचं.

बाई : म्हणजे?

शिंपी : काही नाही. मीही जातो सकाळी. दोन फेऱ्या मारतो, मग भिंतीशी बसून तिच्या चपला सांभाळतो.

बाई : आक्कांच्या पँटला आतून बटणाचा खिसा आहे, तसा मला… ह्यांना पण द्या.

शिंपी : देतो. बटण मात्र माझ्या हातचं असेल. तिच्या पँटला आहे तसं पक्कं बसायचं नाही.

बाई : ते कुणी लावलंय?

शिंपी : आईनं. थोरल्या भाचीच्या मुलीची परीक्षा संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. आक्का मैदानावर होती. पळत आली, म्हणून भेट झाली.