विचारलं होतं, ताई

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते. त्यांच्या छोट्या लाल स्पोर्टी गाडीचा पुढचा भाग वेल्डिंगने जोडलाय आणि एअरबॅग नाहीतच, असं मेकॅनिक नुकताच सांगून गेला होता.

“जुनी गाडी, त्यात अशी पळणारी. आधी कुठे ठोकली होती का, एवढं विचारायला तोंड नव्हतं तुला?”

“विचारलं होतं, ताई.”

“इंजिनात काही बदल केलेत का? सर्व्हिसचे कागद?”

“तेही विचारलं.”

“मग गप्प कसा बसलास? तुझी पोरगी पुढच्या सीटवर बसते रे.”

“माणूस विश्वासातला होता.”

“कोण?”

“भावजी. त्यांनीच मिळवून दिली. एक ओरखडासुद्धा नाही म्हणाले. तुझी शपथ घेतली.”

ती उठली.

“गाडी इथेच राहू दे. बाकीचे प्रश्न मी घरी जाऊन विचारते.”