उघडं फाटक

—छे हो ताई, उशीर कसला? तळ्याकडे गेले की सायकलवाले रमतातच. बसा. एवढी हेल्मेटं पुसून होईस्तोवर येतील तुमचे मिस्टर. पूर्वी त्या तळ्यावर आमची गुरं पाणी प्यायची — हो, आमचीच — हे अख्खं उद्यान म्हणजे सासऱ्यांचं कुरण. ते उद्यानासाठी गेलं, गुरं विकली, आणि माझ्या वाट्याला आला हा भाड्याच्या सायकलींचा काउंटर. भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, राखणदार म्हणून ठेवलं. त्यांना माणसांचा भारी कंटाळा. माझ्याशी दोन शब्द बोलायचे नाहीत, पण गुरांशी — तुमचे मिस्टर फार नीटनेटके ना? सायकलची सीटसुद्धा रुमालाने पुसली त्यांनी. असा माणूस तळ्याचं फाटक उघडं दिसलं की आत शिरून मागे लावून घेणार. घरीही तसंच? वाटलंच मला.

कुरणाचा नियम निराळा असतो, ताई. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. पाटी लावायचं मनात आलं होतं, पण पाटी वाचून लोक विचारणार, आता गुरं कुठायत? नाहीतच की. सगळी विकली. म्हणजे... एक सोडून. वळू आहे. भाऊजींनी मागच्या ओढ्याकडे लपवून ठेवलाय. वरच्या साहेबांना कळलं तर तो जाईल, भाऊजी जातील, मग मला तरी कोण ठेवतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. दुपारी त्याला तळ्यावर सोडतात, फाटक सताड उघडं ठेवून. पाणी पितो, आपल्या पायांनी परत जातो. गरीब आहे हो. फक्त परतीची वाट अडलेली त्याला खपत नाही. भाऊजी लंगडतात ना, सगळ्यांना सांगतात झाडावरून पडलो म्हणून. कसलं झाड नि काय — एकदा चुकून त्यांनीच फाटक लावलं होतं.

आता कुठे निघालात? पायी जाऊन पोचणार आहात का? बसा म्हणते ना. आणि फोन कुणाला लावताय? थांबा, भाऊजींना उठवते मी, जेवून पडलेत मागे, ते बघतील सगळं, बाहेरचं कुणी नको इथे — ऐकलंत? ती घंटा. त्याच्या गळ्यातली. एरवी सावकाश वाजते, चालताना. हा पळतोय.

थांबली.

फोन खाली ठेवा, ताई.